चुन्याची रेघ

४ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचे! बाबांना गाडीतून उतरवताना माझी कंबर आणि त्यांचा स्वाभिमान दोन्ही एकदमच दुखावले, पण घर बघितल्यावर स्वारी खूश. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, आणि पुढच्या खोलीला ही मोठी खिडकी. खिडकीतून थेट विमानतळाचं मैदान दिसतं. अर्धांगवायूने पाय गेल्यापासून बाबांनी भिंतीशिवाय काही बघितलेलं नाही. त्यामुळे खाट खिडकीशीच लावायची, असं त्यांनी फर्मान काढलं. लावली.

विमानतळ म्हणायचं आपलं कौतुकानं. विमान शिकवणारी छोटी शाळा, दोन-चार जण बसतील एवढीशी विमानं, आणि गवताची धावपट्टी. मी रेडिओच्या खोलीत बसून उतरायची परवानगी द्यायची. नोकरीबरोबर घर मिळालं हे आमचं नशीबच.

८ सप्टेंबर

काम अंगवळणी पडतंय. धावपट्टी कुठे संपते हे कळावं म्हणून तिथे चुन्याची आडवी रेघ आहे. काका म्हणजे इथले माळी, रंगारी, पहारेकरी, सगळं तेच. ते चाकाच्या डब्याने ती रेघ ओढतात. रेघेपलीकडे उंच गवत, मग कुंपणाची झाडं, मग आमचं घर.

कचेरीच्या भिंतीवर मोठी पाटी आहे: इथे आजवर एकही विमान धावपट्टीबाहेर गेलेलं नाही. व्यवस्थापक साहेबांनी मला ती दोनदा वाचायला लावली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, स्वतःचंच कौतुक लावणाऱ्या साहेबांना एकदा आरसा दाखव.

१७ सप्टेंबर

आज जे पाहिलं त्यावर हसावं की रडावं कळत नाही. एक शिकाऊ मुलगी उतरत होती. वेग जास्त होता. विमान जमिनीलगत तरंगत तरंगत अर्ध्यापुढे येऊन टेकलं, गवत ओलं, ब्रेक लावले तर चाकं नुसती घसरली. रेघ ओलांडून विमान उंच गवतात वाकडं होऊन थांबलं. पोरीला काही झालं नाही, नशीब.

वर कळवायला मी फोन उचलला तर साहेबांनी त्यावर हात ठेवला. मग काका चुन्याचा डबा घेऊन गेले आणि विमानाच्या नाकापुढे नवी रेघ ओढून आले. जुनी पाण्याने धुतली. झालं! विमान धावपट्टीच्या आतच थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, इथली पद्धत आहे, शिकून घ्या. मी नवीन, फोन जागेवर ठेवून दिला. घरी येऊन बाबांवर उगाच खेकसले.

२ ऑक्टोबर

आणखी दोन विमानं पुढे गेली. दोन्ही वेळा रेघ पुढे. कुंपणाची झाडंही काकांनी छाटून टाकली. आता ती रेघ खिडकीतून स्पष्ट दिसते.

इथले सर्वांत जुने शिक्षक, त्यांना सगळे कप्तान म्हणतात, ते आज चहा पिताना म्हणाले की रेघ लांब दिसते म्हणून पोरं निवांत येतात, निवांत टेकतात, आणि मग थांबता थांबत नाहीत. मी म्हटलं, मग जुन्या जागी ओढा ना. त्यांनी साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, जुन्या जागी ओढली तर तीन विमानं बाहेर गेल्याचं कबूल केल्यासारखं होईल. माझे वडील त्या खिडकीत असतात, असं मी बोलले. ते हसले आणि म्हणाले, वडिलांना छान दिसत असेल.

११ ऑक्टोबर

दोन दिवस पाऊस, एकही विमान उडालं नाही. आणि आज सकाळी रेघ पुढे आली होती.

काकांना धरलं. त्यांनी शपथ घेतली, डबा दाखवला. आतला चुना दगडासारखा वाळलेला. मग मी जाऊन रेघेतलं गवत उपटलं. चुना वरून पडलेला नव्हता. गवत मुळापर्यंत पांढरं होतं.

१३ ऑक्टोबर

काल केरसुणी आणि बादलीभर पाणी घेऊन ती रेघ घासली. हाताला फोड आले. आज ती आमच्या पायरीशी आहे.

दुपारी कप्तान पुढे गेले. खुद्द कप्तान! विमान आमच्या अंगणात थांबलं. ते खाली उतरले. म्हणाले, ब्रेक उत्तम होते, घसरलो नाही, पण रेघ समोरून मागे मागे सरकत होती, आणि वाटत होतं अजून खूप पट्टी आहे, अजून खूप आहे. ब्रेकवरचा पाय आपसूक उचलला गेला म्हणे. त्यांनी तिथेच नोकरी सोडली. गाडीत बसताना मला म्हणाले, म्हाताऱ्याला हलव.

हलव कुठे? गावात खोली विचारते, लोक खाटेवरचा माणूस ऐकतात आणि दार लावतात.

१५ ऑक्टोबर

सकाळी मी कुणालाच उतरायची परवानगी दिली नाही. साहेबांनी मला रेडिओवरून उठवलं आणि स्वतः बसले. वर ताकीद दिली. आमच्या घराची वाट आता धावपट्टीत मोडते, त्यांच्या परवानगीशिवाय कुणी ओलांडायची नाही. घरही अडथळा ठरतं. मी ओरडले, घर तुम्हीच दिलंत! ते शांतपणे म्हणाले, धावपट्टीवर राहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

असल्या माणसाला मी महिनाभर साहेब म्हणत होते.

१६ ऑक्टोबर, सकाळ

रेघ घरात आहे. उंबऱ्याच्या आत, फरशीवर. घासून जात नाही.

शहरातल्या रुग्णालयाने उद्या गाडी पाठवतो म्हटलंय. एकच दिवस काढायचाय.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ

खाटेखाली — मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, ती कुठवर आली गं? खोटं बोलले. ते माझा हात धरून बसले. हे माझ्या बापाच्या वाट्याला का? त्यांनी कुणाचं काय —

१७ ऑक्टोबर

रेघ खाटेपलीकडे. मागच्या भिंतीला लागून. आम्ही दोघं रेघेच्या आत.

गाडी आली! पण वाटेच्या त्या टोकाला उभी आहे. चालक फोनवर म्हणतो, परवानगी नसताना धावपट्टी ओलांडली तर माझी नोकरी जाईल. साहेबांना फोन केला. म्हणाले, एक विमान उतरतंय, ते उतरू द्या, मग बघू. मी पाया पडते म्हटलं. म्हणाले, नियम म्हणजे नियम —

आवाज येतोय.

बाबांना उचलायला गेले. जमत नाही. एकटीने होत नाही. चादरीने ओढलं, खाटेच्या कडेपर्यंतच — परत प्रयत्न —

टेकलं. किती उशिरा टेकलं. वैमानिक निवांत आहे, मला त्याचा चेहरा —

बाबा म्हणतात तू जा. मी नाही जाणार. तुम्हाला सोडून मी —

थांबत नाही. अंगणात —

उद्या तो माणूस सांगेल, विमान रेघेच्या आतच थांबलं. टाळ्या वाजवतील. कुणी विचारलं तर सांगा, इथे घर होतं, इथे खाट होती, खाटेवर माझे बा