मृदंगाची कणीक

अण्णा, तुमचा मृदंग आता माझ्या लेकीजवळ आहे. भावाकडे माळ्यावर पडून होता, तिनं मामाला मागून घेतला. आठवीत असताना आम्ही तिला शाळेतून काढलं. वर्गात बोटांनी बाक वाजवते म्हणून तिला रोज बाहेर उभी करायचे. पुढं पुढं तिचं जेवणच तुटलं. आता ती घरीच शिकते, दहावीला बाहेरून बसवायची. सकाळी ओट्याजवळ मी गणित आणि मराठी घेते. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, त्यामुळे तिचा धडा आदल्या दिवशी मलाच वाचून ठेवावा लागतो. हिशेबाच्या वहीत दूध-भाजीच्या खाली तिनं आज काय शिकलं तेही मांडते. दुपारी मृदंग. मोठ्या जाऊबाई म्हणतात, "शाळा सोडून मृदंग बडवायलीय. सोताच्या लग्नात सोताच वाजवणार हाय का?" लेक म्हणते, "तुमी नाचणार असाल तर वाजवते की, काकू." मी हसू दाबते. पण धाकधूक होतीच. उन्हाळ्याआधी यांनी बजावलं होतं, "शिबिरात चार लोकांपुढं वाजवून दाखवलं तर राहू दे घरी. नाहीतर जूनमधे गुमान शाळेत."

हे वारकरी शिबिर ताडकळसच्या पुढं एका गावात, मारुतीच्या देवळात, महिनाभर होतं. मी पोळ्या लाटायच्या सेवेला गेले. देवाची सेवा आणि लेकीवर नजर, दोन्ही झालं. मृदंग पोरांना, पोरींच्या हातात टाळ, अशी तिथली रीत. लेक भल्या पहाटे एकटीच ओसरीत वाजवत बसायची. पंधरा दिवसांनी शिबिर घेणारे महाराज तिच्यामागं येऊन उभे राहिले, ऐकलं, आणि म्हणाले, "शेवटच्या दिवशी एक अभंग तुझा. चुकलीस तर टाळ घ्यायचे, रडायचं न्हाई." त्या दिवसापासून तिच्या बोटांना चिकटपट्ट्या लागल्या.

शेवटचा दिवस. मे महिन्याचं ऊन, मंडपात सारं गाव, यांना मुद्दाम सुट्टी काढून बोलावलेलं. महाराजांनी तिला पुढं बसवलं. आवाज घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक एका पोरानं आमच्या स्वयंपाकातून धावत आणून दिली. लेकीनं गोळा हातात घेतला आणि तो उन्हात चमकला. बायकांत बसलेल्या मला ते दिसलं. पोळ्यांच्या कणकीत आम्ही तेल घालत असू, आणि तेलाची कणीक कातड्याला धरत नाही. मी उठले. "थांब, ती लावू नको!" सगळा मंडप वळून बघायला लागला. यांनी कपाळाला हात लावला. महाराज म्हणाले, "माय, कीर्तन थांबलंय."  मी स्वयंपाकात जाऊन मूठभर पीठ घेतलं आणि नुसत्या पाण्यात मळलं, घट्ट. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीआधी आईचीच परीक्षा चाललीय." गोळा लेकीच्या हातात दिला, तिनं तो डाव्या तोंडावर थापला.

अण्णा, तुम्हाला तो सप्ताह आठवत असेल. माझी मॅट्रिकची परीक्षा झालेली. तुम्ही दोन्ही भावांना ओसरीत शिकवायचा आणि मी आत पिठाच्या डब्यावर तेच बोल वाजवायचे. एक दिवस तुम्ही आत आलात. मी म्हणाले, "मलाबी शिकवा." तुम्ही म्हणालात, "बाईच्या हाताला मृदंग शोभत न्हाई. तू कणीक चांगली मळतीस, तेवढं पुरं." तुमची कणीक मीच मळायची, लहानपणापासून. मग काल्याच्या कीर्तनात, गजर ऐन रंगात आला असताना, ती कणीक सुटून टाळकऱ्यांच्या पायांत जाऊन पडली. कुणीतरी ओरडलं, "बुवा, मृदंग वाजवायलाव का पोळ्या लाटायलाव?" सारा मंडप हसला. तुम्ही मान खाली घातलीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्वतःची कणीक स्वतः मळू लागलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत, आणि मला परत कधी कणीक मागितलीही नाहीत. त्या घरात मृदंगाशी माझा तेवढाच संबंध होता, तोही गेला.

लेकीचा अभंग पार पडला. मधे एकदा ती अडखळली, महाराजांनी नुसती मान हलवली आणि तिनं पुढं उचललं. कणीक शेवटपर्यंत जागची हलली नाही. येताना बसमधे, परभणी जवळ आल्यावर, हे एवढंच म्हणाले, "दहावीचा फॉर्म कवा भरायचा असतो, विचारून ठेव." लेकीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "आई, मृदंगाच्या कणकीत तेल चालत न्हाई, हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "तुझ्या आजोबांनी."

तुम्हाला त्या काल्याच्या दिवशीच कळलं होतं का, अण्णा? हाताला तेलकट लागलं असेलच. ते तेल मीच घातलं होतं, दोन चमचे, कळून सवरून. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. आजोबांनी आईला जवळ बसवून शिकवलं असं तिला वाटतं, आणि ते मला ऐकायला बरं वाटतं.