उसवून पाहणं म्हणजे चोरी नव्हे

वेलिंग्टन

प्रिय योसेफो,

रविवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू फोनवर सिएनीला म्हणालास, "पोरी, लोकांची सॉफ्टवेअर उसवणं म्हणजे चोरी!" तुझी लेक इथे माझ्याकडे जेवते आणि ताट धुऊन पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसते.

गाढवा, आईची केवड्याच्या पात्यांची जुनी चटई उसवूनच मी वीण शिकले. सिएनी कॉम्प्युटरमधला व्हायरस तसाच उलगडते, तो कुठून शिरला ते शोधते. इथल्या हॉस्पिटलने त्याच नोकरीला बोलावलंय. तुझ्या होकाराशिवाय ती जाणार नाही.

मी तिच्याशेजारी बसते. पडद्यावरचे आकडे केवड्याच्या पात्यांसारखे हलतात आणि मी समुद्राकाठी आईजवळ पोचते.

गुडघा कसा आहे?

आपल्यात भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. ईस्टरच्या आधी लेखी होकार पाठव.

तुझी थोरली,
मालिया