विंझरचं रक्त

प्रिय विहीणबाई,

काल तुमचं तेरावं झालं. मी आले नाही. गुडघ्याचं निमित्त केलं. आज आपली सुमी मला म्हणते, "आजे, आई विंझरच्या आजीसाटी रडती. मला का रडू येत न्हाई? मला ती ठावंच न्हाई म्हून?" मी ताट बाजूला सारलं. म्हणून हा कागद घेतला.

नातीला तुम्ही ठाऊक नाही! आणि कोणामुळं? माझ्यामुळं.

लढाईचे दिवस. सुमी पाच महिन्यांची, हिवतापानं पांढरीफटक पडलेली. आमच्या वरव्याहून मोटारीनं पुण्याच्या दवाखान्यात नेली. तुम्ही परस्पर तिथं आलात. माझा मुलगा नि तुमची लेक, दोघंही तापानं फणफणलेली, म्हणून रक्त द्यायला मी पदर खोचून पुढं झाले. डॉक्टरांनी थेंब तपासला. "आजीबाई, तुमचं जुळत नाही." मग तुमचं पाहिलं. जुळलं!

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पोर आमच्या कुळातली, नि रक्त मुलीकडचं? "माझं पुन्हा बघा," मी हटून बसले. पोर धापा टाकत होती. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, भांडान मागनं करू. आदी पोर जगू द्या."

सुई टोचल्यावर म्हणता कशा, "डाक्टर, आमची म्हस यापरीस बिगीनं धार देती!" सगळे हसले. मी नाही. पोरीच्या घोट्याजवळच्या शिरेतून तुमचं रक्त गेलं, ओठांवर लाली आली. मी देवाचे आभार मानले. तुमचे नाही.

घरी आल्यावर ती तुमच्याच मांडीवर गप्प राहायची. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी तुम्हाला वाटेला लावलं. जावळाला मामाच्या मांडीचा मान, तर तुमच्या मुलाला कळवलंच नाही, माझ्या भावाला बसवलं. सून माहेरी निघाली की मी पोर ठेवून घ्यायचे. तरी तुम्ही आंगडं-टोपडं पाठवलंत! एकदा तरी कडाकडा भांडायचं होतं हो. तुमच्या गप्प बसण्यानं मी जास्तच जळले.

सोमवारी सुमीला घेऊन विंझरला येते. तुमच्या अंगणात तिला सगळं सांगेन, माझा हट्टसुद्धा. तुमची सून वाढेल ते जेवेन. पण पोर तिथून निघताना रडली, तर मला राग येणार. आधीच सांगून ठेवते.

तुमची विहीण,
अनसूया