विकाऊ खोलीतला उंट

१४ जून, रविवार, दुपार

ती. ताईस,

गेल्या कित्येक महिन्यांत तुला पत्र नाही, म्हणून आधी कान पकडतो. (फोनवर मी ‘बघतोय, बघतोय’ म्हणत होतो, ते पत्रात धरता येत नाही हे मला कळतं.) तेव्हा तुंबलेले सगळे नमस्कार एकदम घे आणि त्यातले थोडे भाऊजींना दे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून बसत बसतच उतरतेस का? तळमजल्याच्या घराचा मालक तुझ्यासाठी आणखी किती थांबेल? विचारतोय काळजीपोटी, पण उत्तर माझ्याच हातात आहे हे मला ठाऊक आहे. तुझ्या नावावरची इथली खोली विकली गेली की तू त्या घरात जाणार, आणि ती विकायचं काम तू माझ्यावर टाकलंस. ‘तुला पटेल तो भाव, पटेल तो माणूस, मला विचारत बसू नकोस,’ म्हणालीस. माणसावर इतका विश्वास टाकू नये.

तर हकीकत अशी, की गिऱ्हाइकं येत होती. मी कुलूप काढायचो, पंखा लावायचो, आणि त्यांची नजर छतापर्यंत पोचायच्या आत खोलीचे दोष सांगायला लागायचो. उद्या कोणी फसवलं म्हणायला नको. एक नवं लग्न झालेलं जोडपं तर चपला न काढताच परत गेलं. ही म्हणाली, “खोली विकताय की तिची बदनामी करताय?” मी हिला प्रामाणिकपणावर बरंच ऐकवलं. नंतर एकटा बसलो तेव्हा मनात आलं, की प्रामाणिकपणाला एवढा हुरूप असतो का? स्वतःचा संशय आला. (तरी पुढच्या गिऱ्हाइकाला दोन दोष जास्तच सांगितले.)

मग आल्या औषधवाल्या बाई. चौकातलं औषधांचं दुकान त्यांचंच. आजवर तीन जुन्या खोल्या घेऊन, दुरुस्त करून त्यांनी भाड्याने दिल्या आहेत. मी पहिला दोष सांगितला, तर चष्मा कपाळावर चढवून ‘पुढे?’ म्हणाल्या, जसा काही मी खोकल्यासाठी आलो होतो. न्हाणीघराचं दार उघडलं की कपाट उघडत नाही, हे मी सांगितलं. (बाबा रोज कपडे घ्यायला विसरायचे, आतून दार वाजवायचे, आणि आई आपल्या सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून उभं करायची. शेजारच्यांना वाटायचं, या घरात रोज कसली तरी मिरवणूक बघतात.) बाई म्हणाल्या, सरकतं दार बसवू. खाली बेकरी आहे, पहाटेपासून पिठाचं यंत्र घरघरतं, असं सांगितलं. त्यावर म्हणाल्या, बेकरीतल्याच माणसाला भाड्याने देऊ, त्याला गजर नको आणि जाण्यायेण्याचा खर्च नको. त्या भट्टीने आपली फरशी गरम राहायची आणि थंडीत आपण पालथे पडून अभ्यास करायचो, हा दोष आहे की गुण, हे मी बाईंना विचारलं नाही.

शेवटचं अस्त्र म्हणून मी उंट दाखवला. खिडकीजवळच्या ओलीचा उंट, ताई. तू त्याला उंट म्हणायचीस, मी बसलेला म्हातारा म्हणायचो, आणि मोठी म्हणून तुझं खरं ठरलं. किती वेळा रंग लावला तरी तो परत उठायचा. बाईंनी भिंतीला हात लावला, वास घेतला आणि सरळ वरच्या मजल्यावर गेल्या. थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, “त्यांची टाकी भरली की जादा पाणी तुमच्या भिंतीत उतरतं. नळीला एक तुकडा जोडून ती बाहेर काढायची. तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?”

नाही विचारलं. आपलं अख्खं बालपण त्या भिंतीशेजारी गेलं, पण वर जाऊन विचारलं तर वरच्यांना काय वाटेल, असं बाबा म्हणाले, आणि पुढे बाबा गेल्यावरही आपण ते पाळलं. नळीचा तुकडा त्याच आठवड्यात बसला, स्वतःच्या खर्चाने वरच्यांनीच बसवला, शिवाय इतकी वर्षं बोलला का नाहीत म्हणून मलाच रागावले. आता उंट वाळतोय. पाय गेले, मान राहिली आहे. रोज जाऊन बघतो.

बाईंनी आपण सांगितला तोच भाव मान्य केला. वर म्हणाल्या, “फक्त आता दोष सांगणं थांबवा. भाडेकरूच्या कानावर जातील.” त्या गेल्यावर मी फरशीवर पालथा पडून बघितलं. (दार लावून. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने असं करावं का, हा प्रश्न डायरीत वेगळा लिहिला आहे.) भट्टी आता विजेवर चालते. फरशी गार होती.

भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना शेक दे.

तुझा धाकटा

ता.क. खोली मलाच भाड्याने द्याल का, रविवारी येऊन बसेन, असं मी बाईंना विचारून पाहिलं. म्हणाल्या, “तुम्हाला नाही देणार. तुम्ही मला एक खिळासुद्धा बदलू देणार नाही.”

ता.क. २ खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते तुला विचारायला, की विक्री एखादं वर्ष पुढे ढकलतेस का. तू ‘बरं’ म्हणाली असतीस, आणि बसत बसत जिना उतरत राहिली असतीस, हे मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही. बाई गुरुवारपासून उत्तराची वाट बघताहेत.

उद्याचं काम: दुकान उघडताच बाईंना ‘हो’ सांगून येणे.