मोटारीखालचं तेल

१० मार्च १९४६, रविवार
काल कचेरीपुढे पुन्हा तेलाचं थारोळं. कारकून म्हणाले, वकीलसाहेब, इंजिनाचं तेल गळतंय. मी म्हटलं, गळतंय म्हणजे आत भरपूर आहे.
इंदूची मॅट्रिक अठरापासून, नगरच्या सेंटरला. पाथर्डीहून मी तिला मोटारीनेच नेणार. पेट्रोलची कूपनं त्यासाठीच राखलीत. सुनीतीचं मत, पोरीला आदल्या दिवशी प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने मावशीकडे पाठवावं. बायकोचा यंत्रावर विश्वास नाही.
मेकॅनिक बोलवायचा नाही. स्वतः खाली शिरलो. तेलाच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय. निदान अचूक. तेल मिशीत.

१२ मार्च
अंग दुखतंय. काम पुढे ढकललं. धुणं करणारी राहीबाई सुनीतीला सांगत होती, सायेब कुठं गेलं ते हुडकाया लागत न्हाई, काळा पट्टा बगत जायाचं.

१५ मार्च
जुन्या लॉ रिपोर्टाच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून बसवलं. नवं तेल भरलं. बोल्ट शक्य तितके आवळले, त्याहून थोडे जास्तच. एक तुटला. बाकीचे आहेत.

१७ मार्च
थारोळं पूर्वीपेक्षा मोठं. पुठ्ठा तेल पिऊन फुगेल, मग बसेल. सुनीती सर्व्हिस मोटारीची वेळ विचारून आली. मी नाराजी दाखवली. इंदू म्हणाली, राहू दे आई, अण्णांना वाईट वाटेल. समजूतदार पोरगी. माझ्यावर गेलीय.

१८ मार्च
पहाटे निघालो. तिसगावपर्यंत उत्तम. करंजीच्या घाटात खडखडाट, धूर, इंजिन जाम. इंदू ट्रंकेवर बसली, पुस्तक उघडलं. पान काही उलटेना.
मागून सर्व्हिस मोटार आली. रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, जागा न्हाई. मी हात जोडले. असे कोर्टातही कधी जोडले नाहीत. शेवटी एक म्हातारी कोंबड्यांची डालगी मांडीवर घेऊन म्हणाली, ये बाय, बस हितं.
जाताना इंदू म्हणाली, अण्णा, उन्हात थांबू नका.
तिसगावचे आप्पासाहेब माझे पक्षकार. त्यांच्या बैलांनी मोटार घरापर्यंत ओढली. स्टीअरिंगवर मी होतो. वळवायला कोणीतरी लागतंच.

१९ मार्च
निरोप आला. इंदू वेळेत पोचली, पेपर बरा गेला.
सकाळी मोटारीखाली वाकून पाहिलं. एक थेंब नाही. पॅकिंग अखेर बसलं. सुनीतीला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, गळायला आत उरलंय काय.