ओठावरच्या फोडाचं मूळ

फिजीत, सुवा शहरातल्या माझ्या लाडक्या आईला,

ब्रिस्बेनमध्ये मी मजेत आहे, पोटभर जेवते. आणि प्रयोग जमला!

लहानपणी माझे पापे घेऊन तू मला दिलास ना, तो ओठावर फोड आणणारा विषाणू मज्जातंतूत झोपून असतो. पण त्याच्या जनुकांजवळचा एक छोटा तुकडा जागाच असतो. त्याचं काम जनुकांना जोर देणं. एरवी तो तुकडा आणि विषाणूला उठवणारं जनुक यांच्यामध्ये भिंत असते. ताप, ऊन किंवा काळजीने ती ढासळली, की तो जोर त्या जनुकापर्यंत पोहोचतो. मी तो तुकडाच कापून टाकला. मग तो विषाणू घातलेल्या पेशींना कितीही छळलं, तरी स्वारी ढिम्म! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "पोरी, बाजी मारलीस!"

यावरून औषध निघेल तेव्हा निघेल, तोवर तू फोड असताना चर्चच्या बायकांबरोबर एकाच करवंटीतून यांगोनाच्या मुळांचं पेय पिऊ नकोस. साऱ्या गल्लीला विषाणू वाटत सुटशील.

बाबांच्या छातीचा रिपोर्ट आला का? तू नुसतं "सगळं ठीक" म्हणतेस.

रविवारी मी फोनचा कॅमेरा बंद ठेवला, कारण माझ्या ओठावर फोड आलाय. मला तो काळजीनेच येतो, हे तुला प्रयोगाशिवायही कळतं.

पण आई, कॅमेरा तूही बंदच ठेवला होतास.

या खेपेला पापा लांबूनच,
तुझी वासिती