हरलीस तर गाव दे

३ फेब्रुवारी

लंकाबाईला कोडं घालता येत न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई! आज बद्रूच्या बागेत लिंबं तोडताना घातलं तिनं — "काळं, गोल, चुलीपशी बसतं. वळखा." मी म्हनले, "तवा." न्हाई. बद्रू म्हनली कढई. न्हाई. करपलेली भाकर? तीबी न्हाई! शेवटी म्हनती कशी, "आमचं मांजर!"

आता हिचं मांजर काळं का पांढरं, कुठं बसतं, कसं बसतं, ते बघाया आमी हिच्या घरी जायचं का? बद्रूनं लिंबू फेकून हानलं तिला. मी दोन हानली.

उत्तर घालनारीला एकटीलाच ठाऊक असंल तर ते कोडं न्हवं. ती लबाडी.

५ फेब्रुवारी

माजा कायदा साधा हाय. कोड्यात सगळं सांगितलेलं पायजे, पर उघडं न्हाई. डोक्यावरनं पदर ओढलेल्या बाईवानी. बाई तीच असती, तोंड तेवढं झाकलेलं. आन उत्तर कळलं की मानसानं आपल्याच कपाळावर हात मारावा. दुसऱ्याला मारावा वाटला तर कोडं फसवं. (म्हून लंकाबाईला लिंबं!)

बद्रूचं आन माजं दार शेजारी, मधी कमरेएवढी भिंत. नवी नवरी हुते तवापासून त्या भिंतीवर कोपर ठिवून कोडी घालतोय आमी. ज्याला सुटलं न्हाई त्यानं गाव द्यायचं. कंचंबी. अकोलं तिनं मला कवाच दिलंय, भंडारदऱ्याच्या धरणासकट. म्हून पाऊस झाला की मी तिला म्हनते, पानी जपून वापर, माजं हाय. मी तिला कर्जत दिलं. ती म्हनली, "एवढं उन्हाचं गाव मला कशाला गं, छबे?"

फकस्त आपलं गाव द्यायचं न्हाई. बोरखिंडी दिली तर राहायचं कुठं?

आज मी नवं घातलं — "लांबलचक बाई, रानात निजली, अंगभर डोळे. ती रडली की झाड हसतं."

लेकराला यावं असं. ठिबकची नळी! आन बद्रूच्या बागेत लिंबाच्या हर ओळीला तीच हाय. पर बद्रू लगोलग म्हनली, "हरले."

"अगं, इचार तर कर!"

"हरले म्हनलं ना. घे, नागापूर घे."

नागापूर कवाच कुनी दिलं न्हवतं. तिचा ल्योक आसिफ तिथं कंपनीत हाय ना, म्हून ते ती राखून ठिवायची.

६ फेब्रुवारी

बद्रूचं डोकं चालंना झालंय का? का माजं कोडंच लई भारी हुतं? दुसरंच असंल.

९ फेब्रुवारी

आज बद्रूनं घातलं. लिंबाचं लोनचं दिलं वाटीभर, आन वाटी माज्या हातात असतानाच —

"दोन घरांच्या मधी उभी. दोघी तिच्यावर कोपर ठिवतात. एक घर गप झालं की एका रातीत उंच व्हती, वीट लागत न्हाई. काय?"

मी म्हननार हुते भिंत. पर भिंत वीट लावल्याबिगर कशी वाढंल? झाड न्हाई ते! म्हून भिंत न्हाई. मंग काय?

"बद्रे, कोडं खोटं हाय. लंकाबाईकडनं शिकलीस का?"

हसली न्हाई. एरवी लंकाबाईचं नाव काढलं की पदर तोंडात कोंबती. म्हनली, "खोटं न्हाई, छबे. घाई न्हाई मला. इचार कर."

१० फेब्रुवारी

आमच्या ह्यांच्या फोटूला घातलं. गप. जित्ते हुते तवाबी एक कोडं सुटलं न्हाई मानसाला. माज्याशी लगीन केलं तेबी न सोडवताच. हार नवा घातला, लोनचं दाखवलं. आंबट खायला लई आवडायचं.

लोनचं झ्याक झालंय. कोडं न्हाई.

१४ फेब्रुवारी

दुकानात गेले तर तिथं खालच्या आळीतला कारभारी उभा. म्हनतो, "छबूकाकू, यंदापासून बद्रुन्निसा चाचीची बाग माज्याकडं वाट्यानं हाय बरं का. तुमी येत जा लिंबं तोडाया."

"का रं? चाची कुठं चालली?"

"नागापूरला. आसिफनं घर घेतलं न्हवं. रमजानच्या आधी न्यायचं म्हनतोय आईला. तुमाला ठाऊक न्हाई?"

ठाऊक हाय म्हनले. खोटं बोलले. तेल घ्यायचं इसरून आले.

१५ फेब्रुवारी

भिंतीपशी गेले न्हाई. तिकडनं खोकली ती दोनदा. मुद्दाम खोकती, मला कळतंय. मीबी भांडी आपटली मुद्दाम.

साऱ्या गावाला सांगितलं, मला न्हाई!

१६ फेब्रुवारी

सांगितलं हुतं.

दूध उतू गेलं, आन मी चुलीम्होरं बसून कपाळावर हात मारला. माज्याच. भिंतच हाय ती! तिच्या घराला कुलूप लागलं की कमरेएवढीच राहील, पर तिच्यावरनं बोलायला कोन? वीट न लावता वाढनार. एक शब्द खोटा न्हाई, एक शब्द जास्तीचा न्हाई. सगळं सांगितलं, तोंड तेवढं झाकलं. असं कोडं मला जल्मात जमलं न्हाई.

तोंडानं सांगवलं न्हाई बयेला.

आन ठिबक तिला येत हुतं! तिच्याच रानात पसरलीय. सोडून दिलं मुद्दाम. हरली न्हाई ती, नागापूर माज्या नावावर करून ठिवलं. म्हंजी जाऊन जाऊन राहील ती माज्याच गावात.

लई हुशार हाय बया. लई वाईट हाय.

१७ फेब्रुवारी

भिंतीवरनं वाटी परत दिली, गुळाचा खडा घालून. रिकामी देत न्हाई आमी. "नागापूर माजं हाय, ध्यानात ठिव. तिथं नीट वागायचं," म्हनले. "व्हय मालकीनबाई," म्हनली. दोघी हसलो. कोड्याचं तिनं इचारलं न्हाई, मीबी काढलं न्हाई.

२३ फेब्रुवारी

टेम्पो भरला. आसिफ कुलूप लावत हुता. बद्रू भिंतीपशी आली, कोपर ठिवलं.

"सुटलं का गं, छबे?"

उत्तर जिभेवर हुतं. म्हनले, "हरले."

बघत राहिली माज्याकडं. "मंग गाव दे."

"बोरखिंडी."

"आपलं गाव द्यायचं न्हाई! कायदा हाय!"

"दिलं. आता गाव तुजं, मी तुजं कूळ. मालकीन फिरकली न्हाई तर कूळ गाव गिळतंय — येत जा."